आमच्या मुलांच्या इंग्रजीची परीक्षा

सोन्याची परीक्षा कसोटीच्या दगडावर होते, घोड्याची रपेटीत होते आणि होडीची पाण्यात होते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीचा रंग पाहून ती भरतीच्या लाटा सोसील की नाही हे सांगणारा तांडेल आमच्या खाडीकाठच्या एकाही गावी सापडावयाचा नाही. परंतु भाषेची गोष्ट आली म्हणजे आपण सुज्ञ म्हणविणारे लोक नेमके हेच करतो. बोलण्यासाठी, ऐकण्यासाठी, वाचून समजण्यासाठी आणि मनातले लिहून दाखविण्यासाठी जी वस्तू जन्मास आली, तिची परीक्षा आपण पाठ केलेल्या उत्तरांच्या लांबीवरून करतो, आणि गुणपत्रिका हाती पडली की मुलाला इंग्रजी आले असे समजून स्वस्थ बसतो.

मुलाने इंग्रजी शिकावे की न शिकावे, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. त्याचा निकाल पालकांनी आपल्यापुरता केव्हाच लावला आहे. मुलाला मराठी शाळेत घालावे की इंग्रजी माध्यमाच्या, हाही आमचा आजचा विषय नव्हे. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. दहा वर्षे इंग्रजी शिकल्यावर मुलाला ते आले की नाही, हे आपण कशावरून ठरवितो? कारण परीक्षा जशी असते तशी शिकवणी होते. जे विचारले जाणार नाही ते शिकविले जात नाही, आणि शिकविलेच तर मुले ते शिकत नाहीत. हा दोष मुलांचा नव्हे. शहाणा मनुष्य ज्या वाटेने गाव लवकर येते तीच वाट धरतो.

या परीक्षेची परंपरा आपल्याकडे मोठी जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, जिला पुढे सर्वत्र मॅट्रिक हे नाव पडले, ती १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तीत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. पुढे बराच काळपर्यंत इतिहास व गणित यांची उत्तरेदेखील इंग्रजीतच लिहावी लागत, त्यामुळे इंग्रजी हा निव्वळ एक विषय नव्हता. ती सर्व विषयांची देवडी होती. त्या काळच्या विद्यार्थ्यांचे व्याकरण पक्के होते. घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे, आणि मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजीचे मराठी करता करता मुलाला दोन्ही भाषांची घडण कळत असे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हटल्याचे सर्वांस ठाऊक आहे. पण हे दूध किती जणांस पचले, हे पाहण्याचे साधन त्या काळीही एकच होते, ते म्हणजे लेखी उत्तरपत्रिका.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाची घडी बदलली. मुंबई राज्यात १९४९ सालापासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. परीक्षा आली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपासून करावा असे ठरले. १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. पुढे २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे ज्या भाषेला एकेकाळी तीन-चार वर्षे मिळत, तिला आज दहा वर्षे मिळतात. शिकविण्याचा काळ तिपटीने वाढला. परीक्षेची रीत मात्र त्या मानाने फारच थोडी बदलली.

दहावीच्या परीक्षेचे आजचे स्वरूप पाहा. इंग्रजीच्या शंभर गुणांपैकी ८० गुण लेखी प्रश्नपत्रिकेचे आणि २० गुण शाळेतच द्यावयाचे. त्या विसांत ऐकणे, बोलणे, वाचणे या गोष्टी येतात. लेखी प्रश्नपत्रिकेत सर्वच वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. तीत न पाहिलेला उतारा असतो. इंग्रजी वाक्याचा अर्थ आपल्या माध्यमाच्या भाषेत सांगावयाचा एक लहानसा प्रश्न असतो, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. दिलेल्या आरंभावरून गोष्ट पुरी करावयाची असते. हे सारे प्रश्न भाषेचेच आहेत. पण याच प्रश्नपत्रिकेत कवितेचे रसग्रहण असते. ते कवितेचे नाव, कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना अशा ठरीव क्रमाने लिहावयाचे, आणि क्रम ठरीव असल्यामुळे गाईडातून जसेच्या तसे पाठ करता येते. कवितेतील एका ओळीचा अर्थ न समजताही रसग्रहणाचे पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी दुर्मीळ नाही. पत्रांचे मायने पाठ, बातमीचा साचा पाठ. फक्त नावे व तारखा बदलावयाच्या. याला स्मरणशक्तीची परीक्षा म्हणावे, भाषेची म्हणू नये.

आता त्या २० गुणांकडे वळू. आमच्या मते सगळ्या परीक्षेत खऱ्या भाषेच्या जवळ जाणारा भाग हाच, आणि सर्वांत दुर्लक्षित भागही हाच. पुष्कळ ठिकाणी तोंडी परीक्षा म्हणजे वर्गातून नावे पुकारून, पाठातील चार ओळी वाचून घेऊन, उरलेल्या मुलांना अंदाजाने गुण मांडण्याचा एक तासाचा समारंभ असतो. गुण देताना हात सढळ असतो. मास्तरांना मुलाचे अकल्याण करावयाचे नसते, शाळेला निकाल खाली यावयास नको असतो, आणि पालकांना तर गुण हवेच असतात. अशा रीतीने तिघांच्या सदिच्छेने एक असत्य कागदावर उतरते.

२०१८-१९ या वर्षी मंडळाने भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे हे अंतर्गत गुण बंद केले आणि सर्व गुण लेखी परीक्षेस दिले. पुढे काय झाले ते पालकांच्या स्मरणात असेल. २०१८ साली दहावीचा निकाल शेकडा ८९.४१ होता, तो २०१९ साली शेकडा ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, तेव्हा सर्व घसरण एकाच कारणाने झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण अंतर्गत गुण गेल्याचा वाटा तीत मोठा होता, हे त्या वेळी सर्वांनीच बोलून दाखविले. ओरड झाली, विचार झाला, आणि पुढच्याच वर्षापासून ते २० गुण परत आले. २०२० साली निकाल शेकडा ९५.३० लागला.

या प्रकरणातून दोन्ही बाजूंनी चुकीचा धडा घेतला गेला, असे आमचे प्रामाणिक मत आहे. एका पक्षाने म्हटले की तोंडी गुण ही खिरापत आहे, ती बंद झाली हे बरे झाले. दुसऱ्याने म्हटले की गुण गेल्याने मुलांचे नुकसान होते, ते परत द्या. तोंडी परीक्षा खरीखुरी घ्या, असे म्हणणारा आवाज मात्र या कोलाहलात फारसा ऐकू आला नाही. ज्या मापात खोट आहे ते माप दुरुस्त करावे. ते फेकून देऊ नये आणि खोटेच पुन्हा दुकानात मांडूही नये.

कोणी म्हणेल, दोन-चार गुण जास्त दिले तर बिघडले कोठे? बिघडते ते गरिबाच्या मुलाचे. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, ज्याचे काका-मामा मुंबईच्या कचेऱ्यांत आहेत, त्याला खोट्या गुणांचा उपद्रव होत नाही. शाळेत राहिलेले तो घरी भरून काढतो. पण आमच्या पनवेल तालुक्यातील आगरी-कोळ्यांच्या, कातकरी-ठाकरांच्या मुलाला इंग्रजीसाठी शाळेवाचून दुसरे ठिकाण नाही. कातकरी मुलाच्या घरची बोली निराळी, शाळेची मराठी निराळी, आणि त्यावर इंग्रजी. त्याच्या गुणपत्रिकेत विसांपैकी अठरा गुण लिहिले म्हणजे त्याचे दुखणे झाकले जाते, आणि झाकलेल्या दुखण्यावर औषध होत नाही.

आमच्या भागात तर हा प्रश्न आता उंबरठ्यावर येऊन उभा आहे. १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या गावांनी आपली शेते, मिठागरे आणि घरे या कामांसाठी दिली, त्या गावांच्या मुलांनी तेथे केवळ कुंपणाबाहेरून विमाने पाहत उभे राहावे काय? तेथील कामासाठी जो मुलाखत घेईल तो कवितेतील अलंकार विचारणार नाही. तो साधा प्रश्न करील, साधी सूचना देईल, आणि मुलाला ती समजते की नाही व त्याचे उत्तर चार सरळ वाक्यांत देता येते की नाही, एवढेच पाहील. दहा वर्षांत एकदाही कोणी न घेतलेली परीक्षा त्या दिवशी प्रथमच होईल, आणि तिचा निकाल फेरतपासणीने बदलत नसतो.

हेच दुखणे दुसऱ्या एका मोठ्या देशालाही जडले होते, आणि त्याने त्यावर काय उपाय योजला हे पाहण्यासारखे आहे. तो देश म्हणजे चीन. परीक्षांचे वेड त्या देशाइतके जुने क्वचितच कोठे असेल. अधिकारी निवडण्याची तेथील राजकीय परीक्षा शतकानुशतके चालत आली होती. ती १९०५ साली बंद झाली. आज तेथे विद्यापीठप्रवेशाची जी परीक्षा आहे तिला गाओकाओ म्हणतात. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ती बंद पडली होती, ती १९७७ साली पुन्हा सुरू झाली. बहुतेक प्रांतांत एकंदर ७५० गुणांपैकी १५० गुण परकीय भाषेचे, म्हणजे बहुधा इंग्रजीचे असतात. इतके वजन असूनही पुष्कळ मुलांचे इंग्रजी कागदावर पक्के आणि तोंडाने मुके राही. चिनी लोकांनीच त्याला ‘मुके इंग्रजी’ असे नाव दिले. नाव चीनचे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

यावर तेथे निरनिराळ्या प्रांतांनी निरनिराळे मार्ग काढले. ग्वांगदोंग प्रांताने २०११ सालापासून ऐकण्याची व बोलण्याची परीक्षा संगणकावर घेण्यास आरंभ केला. तीत विद्यार्थी ऐकलेल्या उताऱ्याचे अनुकरण करून वाचतो, एखाद्या प्रसंगात आपली भूमिका घेऊन प्रश्न विचारतो व उत्तरे देतो, आणि ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत पुन्हा सांगतो. झेज्यांग प्रांताने २०१६ साली लेखी परीक्षेत एक नवा प्रश्न आणला. विद्यार्थ्याने एक अपुरी गोष्ट वाचावयाची आणि तिचा पुढचा भाग स्वतः दोन परिच्छेदांत लिहावयाचा. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य मात्र दिलेले असते. या प्रश्नाची खुबी अशी की, गोष्ट नीट समजल्याशिवाय पुढचे लिहिता येत नाही, आणि पुढचे लिहिताना नुकतेच वाचलेले शब्द सहज उपयोगात येतात. वाचन व लेखन ही दोन चाके एका आसाला जोडली जातात. आपल्याकडील गोष्ट पुरी करण्याचा प्रश्न याच जातीचा आहे. परंतु आपण मुलाच्या हाती आरंभाची एक ओळ देतो, ते संबंध गोष्ट देतात. चीनमधील घोकंपट्टी त्यामुळे संपली, असे आम्ही म्हणत नाही. पण जे हवे ते परीक्षेत विचारावयास लागावे, ही दिशा बरोबर आहे.

दूर न जाता आपल्या देशातीलही एक उदाहरण देतो. ‘प्रथम’ ही संस्था २००५ सालापासून ‘असर’ नावाची पाहणी करीत आली आहे. तिचे कार्यकर्ते खेड्यात मुलाच्या घरी जातात, अंगणात बसून त्याच्यापुढे एक कागद ठेवतात, साधी इंग्रजी वाक्ये वाचावयास सांगतात आणि वाचली तर अर्थ विचारतात. २०२३ सालच्या पाहणीत देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची अशी परीक्षा झाली. शेकडा ५७.३ जणांस इंग्रजी वाक्ये वाचता आली. आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यातही शेकडा ७३.५ जणांसच अर्थ सांगता आला. हिशेब केला तर शंभरांत बेचाळीसच मुले वाचून समजणारी ठरली. एक कागद, पाच मिनिटे आणि अर्थ विचारण्याची इच्छा, एवढ्यात जे सत्य कळते, ते आपल्या तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेलाही पुष्कळदा कळत नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, तोंडी परीक्षेत पक्षपात होतो. लेखी परीक्षा निःपक्षपाती असते. हा समज बराचसा भ्रमाचा आहे. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टोग यांनी १९३५ साली रोड्स या आपल्या सहकाऱ्यासह इंग्लंडातील परीक्षांचा शोध प्रसिद्ध केला. तीच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकाकडे काही महिन्यांनी पुन्हा दिली असता त्याने पहिल्याहून निराळे गुण दिल्याचे त्यांत दिसून आले. तात्पर्य, माणूस तोलतो तेथे काटा हलणारच. त्यावर उपाय म्हणजे तोलणारे दोन करणे आणि वजने आधी ठरविणे.

दुसरा आक्षेप वेळेचा. साठ मुलांच्या वर्गात एकेकाला पाच मिनिटे दिली तर तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास लागतात. दोन-दोन मुलांना एकत्र बोलते केले तर त्याहूनही कमी. वर्षभराच्या श्रमांचे माप घ्यावयास दोन दुपार खर्चणे जड वाटू नये.

तिसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. खेड्यातील मुलाचा उच्चार शहरी मुलासारखा नसतो. मग तोंडी परीक्षेत तो मारला जाणार नाही काय? पवित्र शास्त्रातील शास्ते या पुस्तकात अशा परीक्षेची एक भयंकर कथा आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक पळून जाणाऱ्या एफ्राइमी मनुष्यास ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणावयास सांगत. त्याच्या तोंडून ‘श’ च्या जागी ‘स’ निघाला की त्याचा तेथेच वध होई. त्या वेळी बेचाळीस हजार माणसे पडली, असे तेथे सांगितले आहे. भाषेची परीक्षा माणसाला बाहेर ठेवण्यासाठी घेतली म्हणजे ती कोणत्या थराला जाते, याचे हे उदाहरण होय. शाळेची परीक्षा अशी नसावी. आगरी मुलाच्या इंग्रजीत आगरी हेल आला तर त्यात लाज ती कसली? बोलणे समजले का, उत्तर प्रश्नाला धरून होते का, वाक्याला अर्थ होता का, हे पाहावे. हेलाला गुण नसावेत आणि हेलाचे गुण कापूही नयेत.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व करता येण्याजोग्या आहेत. तोंडी परीक्षा शेजारच्या शाळेतील शिक्षकासमवेत दोघांनी मिळून घ्यावी. तीत पाठ्यपुस्तकातील उतारा नसावा. एखादे चित्र, एखादी सूचना, एखादी लहान गोष्ट ऐकवून तीवर बोलणे व्हावे. कशाला किती गुण, हे मुलांनाही आधी सांगावे. लेखी परीक्षेत न पाहिलेल्या उताऱ्यांचे गुण वाढवावेत, साच्यातल्या उत्तरांचे कमी करावेत, आणि मराठीत अर्थ सांगण्याचा प्रश्न मुळीच काढू नये. जी मुले इंग्रजी वाक्याचा अर्थ स्वच्छ मराठीत सांगू शकतात, त्यांना दोन्ही भाषा येतात. ज्यांना तो सांगता येत नाही, त्यांनी अद्याप एकही नीट हस्तगत केली नाही असे खुशाल समजावे.

पालकहो, आपणांस स्वतःला इंग्रजी येत नसले तरी मुलाची परीक्षा आपण घेऊ शकता. औषधाच्या पुडक्यावरील, बँकेच्या कागदावरील किंवा रेल्वेच्या पाटीवरील इंग्रजी मजकूर त्याच्यापुढे धरा आणि म्हणा, ‘बाळ, यात काय लिहिले आहे ते मला मराठीत सांग.’ त्याने वाचून दाखविले म्हणून समाधान मानू नका, अर्थ विचारा. तो अडला तर रागावू नका. अडलेला शब्द त्याला वहीत लिहावयास सांगा, आणि दुसऱ्या दिवशी तो शिक्षकांना विचारून आला की नाही हे पाहा. आठवड्यातून दोनदा एवढे केलेत, तर त्याच्या इंग्रजीची हालत गुणपत्रिकेपेक्षा आपणांस अधिक खरी कळेल.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस शेवटचे दोन शब्द. परीक्षेची रीत बदलावयाची तेव्हा बदलेल. ती बदलेपर्यंत थांबण्याचे तुम्हांस कारण नाही. रोज पाच वाक्ये स्वतःची बोला आणि पाच स्वतःची लिहा, मग ती वेडीवाकडी का असेनात. गाईडातील निर्दोष निबंध दुसऱ्याचा असतो. तुमचे चुकलेले वाक्य तुमचे असते, आणि ते सुधारता येते. न मिळविलेले गुण कोणी तुम्हांस देऊ लागला, तर ते घेताना एवढे लक्षात ठेवा की, पुढे ज्या दिवशी त्यांचा हिशेब द्यावा लागेल त्या दिवशी गुण देणारा तुमच्या शेजारी नसेल.